बीएससी आयटी सोडून ॲनिमेशनचा कोर्स करू द्यावा का?

घणसोलीहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा ठाण्याच्या कॉलेजात एसवाय बीएससी आयटीला आहे, रात्री दीड-दोनपर्यंत लॅपटॉपवर गोल नि चौकोन हलवत बसतो, विचारलं तर "कीफ्रेम लावतोय" म्हणतो. आता त्याला कॉलेज सोडून ॲनिमेशनच्या क्लासला जायचंय, क्लासवाले फी ईएमआयवर करून देतायत, मिस्टर भडकलेत आणि ताई मधल्यामधे अडकल्यात.

ताई, ईएमआयच्या कागदावर सही करू नका. पोरगं वाया चाललंय म्हणून नाही हं, उलट तो जे करतोय ते त्या क्लासमध्ये शिकवतच नाहीत म्हणून. अशा क्लासमध्ये बहुतेक आफ्टर इफेक्ट्स (व्हिडिओतली हलती चित्रं करायचं सॉफ्टवेअर), थ्रीडी, व्हिडिओ एडिटिंग असतं. चांगली कामं आहेत ती, पण वेगळी लाइन आहे. तुमचा मुलगा ॲपच्या आणि वेबसाइटच्या स्क्रीनवरचे आकार कोड लिहून हलवतोय, म्हणजे तो प्रोग्रामिंगच करतोय, फक्त तुम्हाला दिसताना कार्टून दिसतं.

तो काय करतो ते सांगते, म्हणजे मिस्टरांनाही सांगता येईल. समजा गोल डावीकडून उजवीकडे न्यायचाय. तो फक्त मोजक्या जागा सांगतो, त्यांनाच कीफ्रेम म्हणतात, प्रवासाच्या ० टक्क्याला इथे, ४० टक्क्याला वर, १०० टक्क्याला तिथे, मधल्या सगळ्या जागा कॉम्प्युटर गणित करून काढतो. आपल्या ट्रान्स हार्बरच्या टाइमटेबलसारखं, ठाण्याला किती वाजता नि ऐरोलीला किती वाजता एवढंच छापलेलं असतं, मधे गाडी कशी पळवायची ते मोटरमनचं काम. आणि खरी गंमत पुढेच आहे, कारण सीएसएसमध्ये, म्हणजे वेबसाइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, वेगाचं जे सेटिंग असतं ते अख्ख्या प्रवासाला लागत नाही, प्रत्येक दोन कीफ्रेमच्या मधे पुन्हा नव्याने लागतं, त्यामुळे काहीच सांगितलं नाही तर गोल प्रत्येक कीफ्रेमला हळू होतो, पुन्हा सुटतो, प्रत्येक स्टेशन घेणाऱ्या स्लो लोकलसारखा. अँड्रॉइड ॲपच्या स्क्रीन बनवायच्या जेटपॅक कंपोझमध्ये मात्र कीफ्रेम लावल्या आणि वेगाचं काही सांगितलं नाही तर मधली चाल एकसारखी राहते. म्हणजे आकडे तेच, पण दिसणार वेगळं. हे का होतं ते त्याला विचारा. नीट सांगता आलं तर पोरगा टाइमपास करत नाहीये.

दुसरा प्रश्न, चौकोनाचा त्रिकोण करून दाखव म्हणावं. क्लिप पाथने, म्हणजे कोपऱ्यांचे बिंदू देऊन आकार कापायच्या सीएसएसच्या सोयीने, केलं तर चौकोनाला ४ बिंदू नि त्रिकोणाला ३, आकार हळूहळू बदलतच नाही, टुणकन उडी मारतो. त्रिकोणालाही ४ बिंदू द्यायचे, त्यातले २ एकाच जागी ठेवायचे, की झालं. हे ज्याला स्वतःहून सुचलं त्याला मी तरी इंटरव्ह्यूत पुढे बसवेन.

आता जरा कडू बोलते. फक्त ॲनिमेशन येतं म्हणून फ्रेशरला कोणी घेईल असं धरून चालू नका. ऐरोली, महापेच्या ऑफिसांत पोस्ट असते फ्रंटएंडची (वेबसाइटची दिसणारी बाजू) नाहीतर अँड्रॉइड डेव्हलपरची, तिथे जावास्क्रिप्ट किंवा कोटलिन ही प्रोग्रामिंगची भाषा पक्की लागते, डेटा आणून स्क्रीनवर दाखवता यायला लागतं, ॲनिमेशन त्याच्या वरचं. तेव्हा त्याने पुढच्या सुट्टीपर्यंत एक पूर्ण छोटं ॲप करावं, खर्चाची वही म्हणा नाहीतर कॉलेजचं टाइमटेबल, त्यात दोन-तीनच ॲनिमेशन पण कामाची, आणि कोड गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना दाखवायच्या साइटवर, टाकावा. आणि ते घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर चालवून बघावं बरं का! अशा फोनची स्क्रीन सहसा सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे एका फ्रेमला, एका चित्राला, जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, त्यात काम उरकलं नाही की अडखळतं. रुंदी-उंची बदलत बसलं तर ब्राउझरला पानाची मांडणी परत परत करावी लागते, ट्रान्सफॉर्म (आकार सरकवणं, फिरवणं) नि ओपॅसिटी (फिकट-गडद करणं) वापरली तर बरंच हलकं जातं. शिवाय काही लोकांना हलत्या स्क्रीनने गरगरतं, त्यांच्यासाठी फोनमध्ये मोशन कमी करायची सेटिंग असते, त्याचं ॲप ती पाळतं का तेही बघायला सांगा. हे बघणारी मुलं फार कमी भेटतात मला.

डिग्री सोडू नका म्हणण्याचं अजून एक कारण. पुढे त्याला डिझाइनकडेच जावंसं वाटलं तर पवईला आयआयटीत आयडीसी हे डिझाइनचं स्कूल आहे, तिथल्या एमडेससाठी, म्हणजे डिझाइनच्या मास्टर्ससाठी, सीड ही प्रवेश परीक्षा असते आणि तिला बारावीनंतरचा किमान ३ वर्षांचा कोर्स लागतो. बीएससी आयटी त्यात बसतं. आत्ता एसवायला सोडलं तर दुसरा तसा कोर्स पूर्ण केल्याशिवाय हा रस्ता बंद.

रात्रीच्या जागरणाचं तुम्ही घरात बघून घ्या, त्यात मी पडत नाही. क्लासवाल्यांना टोकन दिलं असेल तर रिफंड मागा, फोनवर नाही, लेखी.