घेतलं तर खरं, पण बसवलं कुठे? : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा ढीग शाळा, हॉस्टेल आणि नोकरीत वेगळ्या वाटणाऱ्या माणसाला सामावून घेण्याचाच आहे. सगळी पत्रं घेता आली नाहीत, आणि काही जणांनी चार-चार पानं लिहिलीत ती कापली आहेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सातवीत, सीबीएसई शाळेत आहे. तोंडी विचारा, सगळं धडाधड सांगतो, लिहायला बसला की सगळं गडबडतं. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हेने लिहिलेला असतो. टीचर म्हणतात याला स्पेशल स्कूलमधे घाला, आमच्याकडे जमणार नाही, वर्गाचा रिझल्ट खाली येतो. घरी सासूबाई म्हणतात लाडावलाय, दोन रट्टे द्या. मी काय करू? (मांजलपूर)

उत्तर : रट्टे नकोत आणि घाबरूही नका. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून डिस्लेक्सियाची, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातल्या अडचणीची, शंका येते, पण पत्रावरून निदान करायची माझी लायकी नाही, तपासणी करून घ्याच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व धरलेत, त्यात ही लर्निंग डिसॅबिलिटीपण आहे. सर्टिफिकेट आठव्या वर्षापासून मिळतं, मग 14 व्या वर्षी परत तपासतात आणि 18 ला परत, त्यानंतरचं कायमचं. सरकारी हॉस्पिटलचा कागद लागतो, आपल्या बडोद्यात एसएसजी हॉस्पिटलात जाऊन विचारा, लाइन असते, डबा घेऊन जा.

शाळेचं म्हणाल तर सातवीच्या मुलाला काढून टाकता येत नाही, सरळ गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्यात आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढायला बंदी आहे. आता शाळा काढत नाही, "सुचवते", तोंडी सुचवते, आणि आईबाप लाजेखातर दाखला घेऊन घरी येतात. म्हणून प्रिन्सिपलना एक साधं पत्र द्या, भांडण नको, फक्त असं लिहा की अमुक तारखेला टीचरनी असं सांगितलं, शाळेचं म्हणणं लेखी कळवावं. बहुतेक वेळा त्यानंतर सूर बदलतो, कारण "रिझल्ट खाली येतो" हे कोणी लेटरहेडवर लिहीत नाही.

आणि अभ्यासाचं. सर्टिफिकेट असेल तर बोर्डाच्या परीक्षेत तीन तासाच्या पेपरला एक तास जास्त मिळतो, लेखनिक मिळतो, पेपर वाचून दाखवणारा मिळतो, तिसऱ्या भाषेतून सूट मागता येते. दहावीच्या जानेवारीत पळापळ करण्यापेक्षा नववीच्या रजिस्ट्रेशनच्या आधी सगळे कागद शाळेच्या ऑफिसात द्या आणि पोच घ्या. तोवर वर्गातल्या टीचरना एवढंच मागा की युनिट टेस्टमधे दोन प्रश्न तोंडी घ्या आणि सायन्सच्या पेपरात स्पेलिंगचे मार्क कापू नका. पाणी का उकळतं हे त्याला येतं ना, मग झालं, उकळतं हा शब्द कसा लिहिला याची परीक्षा भाषेच्या तासाला घ्या की. सासूबाईंना त्याची वही आणि त्याचं तोंडी उत्तर एकदम समोरासमोर दाखवा, नातवाला त्यांच्यासमोर बोलू द्या, त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : मी शहराबाहेरच्या एका कंपनीत एचआरला आहे. कॅम्पसमधून एक मुलगा घेतला, खूप हुशार, मॅनेजमेंट पण खूश, सोशल मिडियावर फोटो टाकला "डायव्हर्सिटी" म्हणून. आता त्याला घर मिळत नाहीये. फोनवर सगळं ठरतं, मग आडनाव विचारतात, मग नॉनव्हेज खाता का, मग "आज सकाळीच दिलं हो". स्टेशनजवळ लॉजवर राहतोय, पगाराचा मोठा भाग तिकडेच जातो. साहेब म्हणतात हा त्याचा पर्सनल प्रश्न, कंपनीने यात पडू नये. मला पटत नाहीये पण उत्तरही देता येत नाहीये.

उत्तर : साहेबांना सांगा की याच शहरात हा प्रश्न एकदा होऊन गेलाय आणि "पर्सनल" म्हणून सोडून दिल्याचं काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे.

1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना स्कॉलरशिप देऊन कोलंबिया युनिव्हर्सिटीत पाठवलं, अट अशी की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. आता बघा, त्या काळात यापेक्षा पुढचा राजा कुठे होता? 1893 ला अमरेली तालुक्यात सक्तीचं फुकट शिक्षण, 1906 ला सगळ्या संस्थानात. म्हणजे वरून इच्छा पूर्ण होती. 1917 च्या सप्टेंबरात बाबासाहेब बडोद्याला आले, अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात लागले, आणि राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, दीड रुपया रोज. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे अर्ज केलेला होता. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला! मला या सगळ्या हकिकतीत तो फिरणारा अर्जच सगळ्यात जास्त टोचतो, कारण लाठ्या घेऊन आलेले लोक आपल्याला वाईट म्हणून ओळखता येतात, पण अर्जावर "पुढे पाठवावे" लिहिणारा कारकून आपल्यासारखाच असतो, संध्याकाळी घरी जाऊन जेवला असेल बिचारा. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत निघ म्हणाली. एक हिंदू मित्र, एक ख्रिश्चन मित्र, दोघांकडे विचारून झालं, दोघांनीही टाळलं. मग कमाटीबागेत बसून रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघितली. ऑफिसात शिपाई फायली लांबून टेबलावर टाकायचे आणि प्यायचं पाणी मिळायचं नाही, हेही त्यांच्या चरित्रांत आहे. आता दर सप्टेंबरात लोक त्याच आठवणीच्या संकल्पभूमीवर येतात, आपण बाजूने स्कूटरने जातो.

तर संस्थानाने शिकवायला पैसे घातले, नोकरी दिली, आणि एका खोलीवाचून तो माणूस गेला. तुमच्या साहेबांचा हिशोब पण यापेक्षा वेगळा नाहीये, लॉजवर कंटाळून तो मुलगा पुण्याला ऑफर घेईल आणि तुम्ही परत कॅम्पसला जाल.

आता कायद्याचं. त्यावर फार भिस्त ठेवू नका असंच सांगेन. दुकान, हॉटेल, लॉज इथे जातीवरून अडवायला घटनेच्या कलम 15 ने बंदी आहे, पण खाजगी घरमालकाला त्या कलमात पकडणं अवघड. 2005 ला सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका को-ऑपरेटिव्ह सोसायटीचा "फक्त आमच्याच समाजाला सभासद करू" हा नियम चालवून घेतला होता. म्हणून जे करायचं ते कंपनीने करायचं. कंपनीच्या नावावर दोन-तीन फ्लॅट भाड्याने घ्या आणि नवीन मुलांना पहिले सहा महिने तिथे ठेवा, ॲग्रीमेंट कंपनीचं असलं की मालक आडनाव विचारत नाही, डिपॉझिट बघतो. नाही जमलं तर ब्रोकरकडे त्याच्याबरोबर कंपनीचा माणूस जाऊ दे. आणि हो, तुमच्याच ऑफिसात किती जणांचे वरचे मजले रिकामे आहेत ते विचारा. आपले मराठी लोकही कमी नाहीत यात, दांडिया बाजारात "तुम्ही कुठले, कोणापैकी" हे चहाच्या आधी विचारलं जातं, मला माहीत आहे, मी तिथेच वाढले.

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, पंचवीस-एक माणसं. आयटीआय फिटर झालेला एक मुलगा आलाय, त्याला ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. हात चांगला आहे, ट्रायल घेतली. पण सेफ्टीची भीती वाटते, उद्या काही झालं तर? पार्टनर म्हणतो कशाला लफडं.

उत्तर : भाऊ, ट्रायल घेतलीत म्हणजे अर्धं काम तुम्ही केलंत. भीती बरोबर आहे पण ती मुलाची नाही, शेडची आहे. तुमच्याकडे सध्या धोक्याची सूचना कशी देतात? कोणीतरी ओरडतं. प्रेस आणि कंप्रेसर चालू असताना ओरडलेलं ऐकू येणाऱ्यालाही ऐकू येत नाही हो! तर फायर अलार्मला आणि मशीनच्या फॉल्टला लुकलुकणारा लाइट जोडा, इलेक्ट्रिशियनचं किरकोळ काम आहे. त्याची जागा अशी द्या की पाठ रस्त्याकडे नको, ट्रॉली आणि फोर्कलिफ्ट त्याला समोरून दिसली पाहिजे. जमिनीवर पिवळा पट्टा मारा. शिफ्टमधला एक माणूस त्याचा जोडीदार ठरवा, काही झालं तर खांद्याला हात लावून सांगायचं, मशीन चालू असताना मागून हात लावायचा नाही, हे सगळ्यांना एकदा शिकवा. बाकी जॉबचं ड्रॉइंग त्याला दिसतंच, माप बदललं तर व्हॉट्सॲप करा. साइन लँग्वेजची डिक्शनरी दिल्लीच्या सरकारी संस्थेने केलीय, आयएसएलआरटीसी नाव, दहा हजार शब्दांची, फुकट बघता येते, त्यातले रोजचे वीस-पंचवीस शब्द पोरं चहाच्या सुट्टीत शिकतील, मजा येते त्यात.

आणि तुमच्याकडे वीसच्या वर माणसं आहेत, म्हणजे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे समान संधीचं धोरण लिहून लावणं तुम्हाला लागू आहेच, त्यात काय सोय देणार ते लिहायचं. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, महिन्याच्या पगाराची मर्यादा सगळ्यांना 21,000 आहे, दिव्यांगांना 25,000, हे अकाउंटंटला सांगून ठेवा, बऱ्याच जणांना माहीत नसतं. पार्टनरना म्हणावं लफडं झालंच तर ते पिवळा पट्टा नसल्यामुळे होईल.

प्रश्न : हे सगळं इन्क्लुजन वगैरे ठीक आहे हो, पण मेरिटचं काय? माझ्या मुलाला कॅम्पसला नाही घेतलं, कंपनीला म्हणे मुलीच हव्या होत्या. त्याच्यापेक्षा कमी पॉइंटरवाली (कॉलेजचे मार्क हो) लागली. हा अन्याय नाही का? (एक बाप, कारेलीबाग)

उत्तर : काका, मुलाला वाईट वाटणं खरं आहे आणि मी त्याला "मोठ्या चित्रात बघ" वगैरे सांगणार नाही, एकवीस वर्षाच्या पोराला चित्र नको असतं, नोकरी हवी असते. पण मेरिट म्हणताय तर पुरतं म्हणा. तुम्ही स्वतः पहिल्या नोकरीला कसे लागलात? माझ्या ओळखीतले निम्मे लोक कोणीतरी चिकटवले म्हणून लागले, मामा, शेजारी, गणेशोत्सव मंडळातले कोणी. आज त्यालाच एम्प्लॉयी रेफरल म्हणतात आणि वर बोनस देतात. ज्या घरातून आधी कोणी कंपनीत गेलंच नाही त्या घरच्या मुलीला रेफरल कोण देणार? आणि शॉप फ्लोअरवर साठ मुलांमधे दोन मुली असल्या की त्या दोघी वर्षात सोडून जातात, कारण टॉयलेट दुसऱ्या बिल्डिंगमधे. कंपनी मुली शोधत फिरते ती या कारणानेही, पुण्य म्हणून नाही. त्या मुलीचा पॉइंटर तुमच्या मुलाला कळला, तिच्या इंटरव्ह्यूत काय झालं ते कळलेलं नाही.

एक मात्र तुमच्या बाजूने. कंपनीला असं काही करायचं असेल तर जाहिरातीत आधी सांगावं, पोरांना सूट घालून दिवसभर बसवून ठेवून शेवटी सांगू नये. हे मुलाने प्लेसमेंट सेलला लिहून द्यावं, तक्रार योग्य आहे.

प्रश्न : आमच्या ऑफिसात महिला दिनाला गुलाब आणि डार्क चॉकलेट देतात. आम्ही चौदा बायका आहोत. अजून काय मागावं?

उत्तर : चॉकलेट खा. मग विचारा की लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या इंटर्नल कमिटीत कोण आहे. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे ती असलीच पाहिजे, अध्यक्ष सीनियर बाई पाहिजे, एक सदस्य बाहेरचा पाहिजे, आणि नावं भिंतीवर लावलेली पाहिजेत. पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा, आणि एकूण स्टाफ पन्नास किंवा वर असेल तर पाळणाघराची सोय, हे 2017 पासून आहे. गुलाब आणणाऱ्या साहेबांनाच ही यादी द्या, उत्साही असतात ते.

प्रश्न : मी युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर आहे, घरी आम्ही मराठी बोलतो. माझी रूममेट छोटा उदेपूरकडची राठवा आदिवासी आहे. मेसमधे मुली तिच्या बोलण्याची नक्कल करतात, ती पण हसते, पण आता रूमवर पण कमी बोलते. मी मधे पडावं का?

उत्तर : पड, पण मेसमधे भाषण देऊ नकोस, तिलाच अजून अवघड होईल. नक्कल सुरू झाली की तू हसू नकोस आणि विषय बदल, एक जण न हसल्याने पण नक्कल करणारीचा रंग उतरतो. नंतर त्यातल्या जी जरा बरी आहे तिला एकटीला गाठून सांग. वॉर्डनकडे जायचं का ते रूममेटला विचारून ठरव, तिच्या नावाने परस्पर तक्रार नको. आणि रूमवर तिच्याशी तिच्या बोलीत दोन शब्द शिकायचा प्रयत्न कर, चुकशील, मग हसायची पाळी तिची.

तुमच्याच युनिव्हर्सिटीत एकेकाळी इंग्रजी शिकवणाऱ्या गणेश देवी सरांनी 1996 ला बडोद्यात भाषा ही संस्था काढली आणि पुढे तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली, भिली, राठवी बोलींवर तिथे किती काम झालंय. छोटा उदेपूरच्या रस्त्यावरच आहे. तिच्या गावाकडे कधी जायचं ठरलं तर वाटेत थांबा, राठवांची भिंतीवरची पिठोरा चित्रं बघा. ती घेऊन चल म्हणाली तरच हं, नाहीतर तिचं गाव बघायला म्हणून मेसमधल्या सगळ्या मुलींची बस न्याल.

पुढच्या अंकासाठी पत्रं महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवा, एका पानात, आणि ऑफिसचं किंवा शाळेचं नाव लिहू नका, आम्ही ते छापत नाही.