पाच वर्षांच्या मुलीला मतदान केंद्रावर सोबत न्यावं का? लहान मुलांना निवडणुकीत कसं सामील करून घ्यावं?

न्या की ओ! उत्तर एवढंच आहे. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, "एवढ्याशा पोरीला त्यातलं काय कळतं?" आणि परदेशात मुलांसाठी वेगळी मतपेटी ठेवतात, तसं आपल्या शाळेत करता येईल का, असंही विचारलंय. ते वाचून मला राहवेना. हे "काय कळतं" आमच्या घरात सव्वीस वर्षं चालू आहे.

आधी नियम सांगून टाकते. लोकसभा-विधानसभेला १९६१ च्या नियमांप्रमाणे मतदाराबरोबर आत जायची मुभा आहे ती कडेवरच्या मुलाला. पाच वर्षांची, चालती-बोलती पोरगी त्यात बसत नाही. मी शिक्षिका होते, इलेक्शन ड्यूट्या भरपूर केल्या. बहुतेक केंद्राध्यक्ष पोर बघून दुसरीकडे बघतात. पण एखादा कडक निघाला तर हुज्जत घालू नका, नियम त्याच्या बाजूने आहे.

आता माझी गोष्ट. १९९९ च्या सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा एकदमच होत्या. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत चौथीला शिकवत होते. खिडकीतून मागांची खडखड यायची, निम्म्या पोरांच्या आया विड्या वळायच्या, कितीतरी पोरं घरी तेलुगू बोलायची. भिंतीभिंतीवर चिन्हं रंगवलेली, मधल्या सुट्टीत पोरांच्या तोंडी घोषणा. नागरिकशास्त्राचा धडा मोठ्याने वाचून घेण्यापेक्षा म्हटलं, यंदा वर्गाचा मॉनिटर मतदानाने निवडू.

तीन उमेदवार उभे राहिले. पहिल्या नंबरची मुलगी, कबड्डीतला एक दांडगा पोरगा आणि शेवटच्या बाकावरचा एक काटकुळा, ज्याची आज्जी शाळेच्या गेटवर शेंगांची पाटी घेऊन बसायची. मुलीला छत्री, दांडग्याला पतंग, काटकुळ्याला बादली. पाठकोऱ्या कागदांवर अठ्ठावन्न मतपत्रिका मी रात्री बसून हाताने काढल्या. शिक्का भेंडीचा केला. भेंडी आडवी कापून लाल शाईत टेकवली की छान फूल उठतं. बुटाच्या खोक्याला चीर पाडून पेटी, कोपऱ्यात महाराष्ट्राचा नकाशा टांगून त्यामागे आडोसा. बोटाला लावायला प्रथमोपचाराच्या पेटीतलं जांभळं औषध, काडीला कापूस गुंडाळून. खरी शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते, १९६२ पासून. आमची फौजदार चावडीजवळच्या मेडिकलमधून आली होती.

पोरं रांगेत अशी उभी होती की कुणी कुणाला ढकललं नाही. हे चौथीच्या वर्गाबद्दल सांगतेय, ज्यांनी शिकवलंय त्यांना कळेल. एक पोरगा दिवसभर डाव्या हाताचं बोट ताठ ठेवून हिंडत होता, पाणी पितानासुद्धा.

मोजणी सगळ्यांसमोर केली. बादली सत्तावीस, छत्री एकोणीस, पतंग अकरा, बाद एक. बाद मतावर तिन्ही ठिकाणी फूल होतं. कुणाचं ते विचारायचं नसतं, पण एका पोरीनं आपणहून सांगितलं, "बाई, तिघं पण माझ्या ओळखीचे आहेत."

आणि मग सापडली टरफलं. मागच्या तीन बाकांखाली शेंगांच्या टरफलांचा खच. टिळकांची गोष्ट आठवून हसू नका, आमच्याकडे खाणाऱ्यांनीच टरफलं टाकली होती आणि कुणी नाकबूलही केलं नाही. काटकुळ्याने आज्जीच्या पाटीतून मूठ-मूठ शेंगा वाटल्या होत्या. हेडसर आले, टरफलं बघितली, निवडणूक रद्द केली. इथवर मला मान्य. लाच ती लाच, शेंगांची असली म्हणून काय झालं! पण त्याच दमात त्यांनी पहिल्या नंबरच्या मुलीला मॉनिटर करून टाकलं. मी म्हटलं, सर, फेरमतदान घेऊ. शेंगा खाऊन मत देणं बरोबर की चूक हे पोरांनाच बोलू दे, मग पुन्हा शिक्के मारू दे. ते म्हणाले, बाई, अभ्यासक्रम कोण पुरा करणार? ती मुलगी बाकावर डोकं ठेवून रडत होती. "मला एकोणीसच पडलीत." तिला कळत होतं. हेडसरांना नव्हतं.

आमचे हे त्याच शाळेत सातवीला गणित शिकवायचे. स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "हेडसरांचं बरोबर आहे. पोरांचा खेळ तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!" घरी आल्यावर तीन दिवस मी फक्त "वाढलंय" एवढंच बोलले.

पण खरं मला डिसेंबरात लागलं. सहल ठरवायची होती. अक्कलकोट, पंढरपूर की नळदुर्ग, असं मी फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, हात वर करा. एकही हात वर नाही. मग पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, हेडसरांना विचारा ना. शेवटी तेच ठरवतात."

तीन महिन्यांत अठ्ठावन्न पोरं शिकली होती. आमच्या ह्यांना काहीही सांगा, एवढं अजून त्यांच्या पचनी पडत नाही. मतदानाचं नाटक करून निकाल खिशात ठेवण्यापेक्षा मुलांना विचारूच नका, ते परवडलं. मॉनिटर तुम्हालाच नेमायचा असेल तर सरळ नेमा. हल्ली शाळाशाळांत बालसंसदा होतात, मंत्री शपथा घेतात, फोटो निघतात. आणि त्या मंत्र्याला विचारा, तू काय ठरवलंस? तर म्हणे, पाहुण्यांना गुलाब दिला. घरीही तेच. मुलीला "आज काय करू?" विचारायचं, तिनं शेवग्याची आमटी सांगायची आणि ताटात दोडका वाढायचा.

परदेशी मतपेटीचं म्हणाल तर, पद्धत मूळची कोस्टारिकातली. पोरं आईबापांबरोबर केंद्रावर जातात आणि त्यांचं वेगळं मत टाकतात. ते बघून ॲरिझोनातल्या काही लोकांनी १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू केलं. चांगलं आहे, कारण तिथं मुलांची मतं मोजून निकाल सांगतात. शाळेत करायचं तर करा, पण मोजा आणि पाळा. मोठ्यांच्या उमेदवारांची नावं मात्र घेऊ नका, दुसऱ्या दिवशी पालक भांडायला येतात. बाग, सहल, डब्याचा वार, असलं काहीतरी ठेवा.

२०२६ च्या १५ जानेवारीला पालिकेचं मतदान झालं, तेव्हा मी पाच वर्षांच्या नातीला नेलं. हे म्हणाले, तिला काय कळतं, वर गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची गर्दी. मी ऐकलं नाही. दारातला पोलीस बघायला लागला तसं मी ते पाच वर्षांचं घोडं उचलून कडेवर घेतलं. कडेवरचं मूल म्हणजे कडेवरचं मूल! गुडघ्यांनी दोन दिवस बदला घेतला. पालिकेला आमच्या प्रभागातून चार जण निवडायचे, म्हणजे चार बटणं. तिनं कडेवरून मोजली आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आज्जी, चार वेळा दाबलंस! चीटिंग!" सगळे हसले. मग घरापर्यंत तिला समजावत होते की चार खुर्च्या आहेत, प्रत्येक खुर्चीला एक मत. काय कळतं म्हणणाऱ्यांनी सांगावं, आपल्या ओळखीतल्या किती मोठ्यांनी ती बटणं मोजून दाबली.

नशीब, तिनं चिन्ह मोठ्याने वाचलं नाही. तुमची वाचायला लागली असेल तर बाहेरच उभी करा, मत गुप्तच राहिलं पाहिजे. विधानसभेला असाल तर मतदान यंत्राशेजारच्या खिडकीत आपल्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते, पोरांना ती फार आवडते, पण मोहात पडू नका. बोटाला शाई मागेल, तीही देत नाहीत. पालिकेला तर बाटली-काडी नव्हतीच, मार्कर पेन होता. घरी स्केचपेनने करून द्या. मोबाईल घरी ठेवा.

आणि प्रचारात मात्र पोरांना अजिबात नाही. गळ्यात उपरणं, हातात पत्रकं, घोषणा द्यायला लावणं, काही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने सगळ्या पक्षांना हे स्पष्ट बजावलंय. नेत्याजवळ आईबापांबरोबर पोर नुसतं उभं असलं तर हरकत नाही, कामाला लावायचं नाही. आणि ७ मे २०२४ सारखं सोलापूरचं ऊन असेल, तर माझं वरचं सगळं विसरा आणि लेकराला घरी ठेवा.

पालिकेच्या मतदानादिवशीच चार वाजता आम्ही तिघं गड्ड्यावर गेलो. भज्यांच्या एका गाड्यावरचा माणूस माझ्याकडे बघून झारा खाली ठेवून म्हणाला, "बाई, सत्तावीस." चेहरा मी ओळखला नव्हता, आकडा ओळखला. छत्तिशीचा बाप्या, पोट सुटलेलं. मी सवयीने त्याचं डावं बोट बघितलं. कोरं. म्हटलं, "मत?" म्हणाला, "जाऊ की बाई, साडेपाचपर्यंत आहे." मग नातीच्या हातात कागदावर गरम भजी ठेवली आणि पैसे घेईना.

हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघ, अजून वाटतोय."