स्टेरॉईडला जोडलेली दोन अल्किलेटिंग औषधं एकत्र दिली तर ल्युकेमियावर जास्त चालतात का?

उंदरांच्या प्रयोगात अशी दोन औषधं एकत्र दिल्यावर ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, आटोक्यात आला, असं तुमच्या वाचनात आलं. दोन्ही औषधं एकाच जातीची, मग ती एकत्र का द्यायची, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि वडिलांना ती मिळतील का, हा दुसरा. मी डॉक्टर नाही. कर्करोगाच्या पेशींवर औषधं तपासायचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, त्या अनुभवावर लिहितो. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे: तुम्ही वाचलीत ती जोडी रुग्णांसाठीचं औषध नाही, ती अजून प्रयोगशाळेतच आहे.

आता पहिला प्रश्न. अल्किलेटिंग औषधांचं, म्हणजे डीएनएला चिकटून पेशी मारणाऱ्या औषधांचं, मूळ युद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूत आहे. त्याचंच भावंड असलेलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ साली येल विद्यापीठात लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, रुग्णाला दिलं गेलं. या रेणूला दोन हात असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला क्लोरीन. एक हात डीएनएच्या एका धाग्यातलं ग्वानिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) पकडतो, दुसरा समोरच्या धाग्यातलं. दोन्ही धागे एकमेकांना टाके घातल्यासारखे जखडले जातात आणि विभागायची वेळ आली की पेशी मरते. अडचण एवढीच की अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही भराभर विभागतात, त्यामुळे त्याही बळी पडतात.

म्हणून कल्पना निघाली की मस्टर्डला स्टेरॉईडच्या पाठीवर बसवायचं. स्टेरॉईड ज्या पेशींत सहज शिरतं, तिथे ते मस्टर्डला घेऊन जाईल. एस्ट्रामस्टिन अशाच विचारातून बनलं. पण त्यातला जोड इतका पक्का निघाला की मस्टर्डला आपलं काम करताच येईना. औषध चाललं ते भलत्याच मार्गाने: पेशी विभागताना ज्या सूक्ष्मनलिका लागतात त्यांची घडी ते विस्कटतं. शेवटी ते प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी वापरात आलं. प्रेडनिमस्टिनचं अगदी उलट. त्यात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड आणि क्लोरॅम्ब्युसिल हे मस्टर्ड एस्टरच्या जोडाने बांधलेले आहेत, आणि रक्तातली विकरं तो जोड लवकर तोडतात. सगळा खेळ या जोडाचा आहे, असं माझं मत आहे.

ग्रीसमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी या विषयात फार चिकाटीने काम केलं. त्यांनी स्टेरॉईडच्या कड्यातच नायट्रोजन घालून लॅक्टम नावाचं कडं तयार केलं आणि त्याला मस्टर्ड जोडलं. पी-३८८ आणि एल-१२१० या उंदरांच्या ल्युकेमियांवर अशी संयुगं साध्या स्टेरॉईडला मस्टर्ड जोडलेल्या एस्टरांपेक्षा सरस ठरत गेली. म्हणजे स्टेरॉईड नुसता हमाल नाही, कामातही त्याचा हात आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मस्टर्ड एकच असलं तरी स्टेरॉईड बदललं की औषध किती विरघळतं, पेशीत किती शिरतं, किती वेळ टिकतं, सगळं बदलतं. मग अशी दोन औषधं एकमेकांना पूरक ठरू शकतात. ठरतीलच असं नाही, म्हणून तर तपासायचं.

तपासताना ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एका औषधाचं प्रमाण आडवं वाढवत न्यायचं, दुसऱ्याचं उभं, बुद्धिबळाच्या पटासारखं. स्टेरॉईडची संयुगं पाण्यात विरघळायला नाखूष असतात. एकदा जोडीचा परिणाम अचानक कमी दिसायला लागला, तेव्हा प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खळग्याच्या तळाशी बारीक सुया चमकत होत्या. औषध पेशींपर्यंत पोचलंच नव्हतं, तळाशी स्फटिक होऊन बसलं होतं. तीन आठवड्यांचे आकडे बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

उंदरांचे आकडे वाचताना तर फारच सावध राहायला हवं. औषध दिलेले उंदीर मध्यमान किती दिवस जगले, त्याला न दिलेल्यांच्या दिवसांनी भागून टक्केवारी काढतात. १२५ टक्क्यांच्या पुढे गेलं की औषधात दम आहे असं मानायची पद्धत आहे. समजा, औषधाविना ८ दिवस आणि जोडीने १२ दिवस, म्हणजे १५० टक्के. ऐकायला छान वाटतं. पण एल-१२१० च्या पेशी साधारण १२ तासांत दुप्पट होतात. ४ दिवस वाढले म्हणजे ८ वेळा दुप्पट व्हायचं लांबलं, म्हणजेच २५६ पैकी एक पेशी उरली. ९९.६ टक्के पेशी मेल्या तरी सुरुवातीच्या १ लाखातल्या जवळपास ४०० जिवंतच. आणि या जातीची एकच पेशी टोचली तरी उंदीर दगावू शकतो, हे फार पूर्वी दाखवून झालंय. म्हणून टक्केवारीपेक्षा किती उंदीर शेवटपर्यंत जगले हा आकडा मी आधी शोधतो.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. जोडीची तुलना एकट्या औषधाच्या कुठल्या डोसशी केली? उंदराला सोसेल तेवढा पुरेपूर डोस एकट्याने दिला असेल आणि तरीही जोडी सरस ठरली असेल, तरच ती खरी सरस. नाहीतर नुसता एकूण डोस वाढवल्याचा तो परिणाम असू शकतो.

वडिलांच्या बाबतीत त्यांच्या डॉक्टरांना ल्युकेमियाचा नेमका प्रकार विचारा. तीव्र की दीर्घकालीन, लिम्फॉइड की मायलॉइड, आणि गुणसूत्रांच्या तपासणीत काय निघालं. उपचार त्यावरूनच ठरतात. दीर्घकालीन मायलॉइड प्रकारात इमॅटिनिबसारख्या गोळ्यांनी चित्र पार पालटलं, दीर्घकालीन लिम्फॉइड प्रकारात इब्रुटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्स ही औषधं आली. कुठली चाचणी सुरू आहे का, हेही त्यांनाच विचारा. आणि अशी संयुगं संशोधनासाठी म्हणून ऑनलाईन विकायला दिसली, तर कृपा करून मागवू नका. ती माणसाला देण्यासाठी बनवलेली नसतात. तपासणीचा अहवाल हातात आला आणि त्यातला एखादा शब्द समजला नाही, तर इथे लिहा, मी समजावून सांगेन.