पक्षी उडून गेला, आता पुढे काय?

प्रश्न : रोज सकाळी दुर्बीण आणि वही घेऊन तळ्याकाठी बसते. महिना झाला. वहीत नुसती अर्धी डोकी, पाठीची एखादी रेघ, शेपट्या. एकही पक्षी पुरा नाही. घरचे वही उघडून हसतात. मी संथ आहे की पक्षी चपळ?

उत्तर : पक्षी चपळ. माझ्याही वह्या अशाच आहेत, आणि घरचे अजून हसतात.

तुमच्या पत्रावरून वाटतं, की तुम्ही एका पानावर एकच पक्षी धरून बसता आणि तो हलला की पान वाया गेलं असं समजता. एका पानावर सहा-सात चित्रं सुरू करा. ढोकरी पाण्यावर मान रोखून उभी आहे, घ्या काढायला. तिने मान आखडली की ते चित्र तिथेच सोडा आणि शेजारी आखडलेल्या मानेचं दुसरं सुरू करा. पक्ष्यांच्या लकबी ठरलेल्या असतात. थोड्या वेळाने ती पुन्हा मान ताणेल, तेव्हा पहिल्या चित्राकडे परत यायचं. तीच ढोकरी नसली तर शेजारचीही चालते. वेडा राघू तर हवेतल्या हवेत माशी टिपून बहुतेकदा त्याच काटकीवर परत येतो. नवशिक्याला त्याच्याइतका सोशिक मॉडेल मिळायचा नाही.

डोळ्यापासून सुरुवात करू नका. डोळा सुंदर असतो, त्यामुळे हात तिथे रेंगाळतो आणि तेवढ्यात पक्षी जातो. आधी अंगाचा कल : चोचीपासून शेपटीपर्यंत एकच तिरकी रेघ. मग अंगाचा अंडाकार, डोक्याचा लहान गोल, आणि लगेच पावलं. पावलं अंगाच्या वजनाखाली आली नाहीत तर पुढे पिसं कितीही नाजूक काढा, पक्षी पडतच राहतो. चोचीच्या फटीची रेघ मागे वाढवली तर ती डोळ्याच्या खालून जाते की मधून, एवढं मात्र बघून ठेवा. चेहरा तिथेच जमतो किंवा बिघडतो.

आणि पक्षी उडाला की वही मिटू नका. खरं काम तेव्हा सुरू होतं. दूर गेलेल्या ठिपक्याकडे बघत न बसता, जे डोळ्यांपुढे अजून ताजं आहे ते लगेच उतरवा. जे आठवत नाही ते काढायचं नाही. तिथे शब्द लिहायचा. माझ्या कालच्या पानावर दयाळाच्या शेपटीपाशी लिहिलंय, ‘पांढरं कडेला, किती?’ आज सकाळी दयाळ दिसल्यावर मी दुसरं काही बघितलं नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. फोटोवरून पक्षी काढले तर ती फसवणूक होते का? माझा मित्र म्हणतो, होते.

उत्तर : फसवणूक नाही रे. पण फोटोत पंख अशा जागी थांबलेला असतो, जिथे तो कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही. सावल्या काळ्याठिक्कर होतात. मान किती सावध आहे, पक्षी उडायच्या बेतात आहे की निवांत, हे तू आधी प्रत्यक्ष बघितलं नसशील तर फोटोतून कळायचं नाही. बोटं किती, पंखावरचे पट्टे कुठे, एवढं विचारायला फोटो उत्तम.

एकोणिसाव्या शतकातला ऑड्युबॉन हा मोठा पक्षिचित्रकार पक्षी मारून, तारा खुपसून हव्या त्या पवित्र्यात उभे करायचा. शिवाय पक्षी मूळ आकारातच काढायचा त्याचा हट्ट. त्यामुळे त्याच्या फ्लेमिंगोला कागदात मावण्यासाठी मान खाली वाकवावी लागली. त्यापुढे तुझा फोटो म्हणजे सज्जनपणाच.

आता माझी फजिती ऐक. शेकाट्या काढला होता, लांब गुलाबी पायांचा. पावलं पाण्यात, म्हणून पायांच्या रेघा पाण्यापाशी संपल्या. घरी आल्यावर ते अपुरं वाटायला लागलं. मी पाणी काढून टाकलं, त्याला दगडावर उभा केला आणि प्रत्येक पावलाला चार बोटं दिली, तीन पुढे, एक मागे. चित्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. वर्षभराने एक पक्षीवेडी मैत्रीण त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘मागचं बोट कुठून आणलंस गं?’ शेकाट्याला मागचं बोट नसतंच. फोटो बघितला असता तर कळलं असतं, किंवा पाणी राहू दिलं असतं तरी पुरलं असतं. फ्रेम अजून भिंतीवरच आहे. पाहुणे आले की मीच दाखवते.

प्रश्न : छोट्या खंड्याच्या पाठीचा निळा काही केल्या जमत नाही. चार ट्यूब आणून झाल्या.

उत्तर : पाचवी आणू नका. तो निळा रंग पिसात नसतोच. पिसाच्या तंतूंमध्ये अतिसूक्ष्म, स्पंजसारखी रचना असते. तिच्यावरून प्रकाश असा विखुरतो की निळाच आपल्यापर्यंत पोहोचतो. असं पीस कुटून पूड केली तर निळेपणा जातो. म्हणूनच उन्हात खंड्याची पाठ पेटल्यासारखी दिसते आणि तोच सावलीत शिरला की मळकट वाटतो. तुम्ही नेमका कोणता खंड्या काढताय, उन्हातला की सावलीतला, ते आधी ठरवा.

उन्हातला असेल तर पाठीच्या मधोमध कागदाची एक बारीक पट्टी कोरी सोडा. तिच्या दोन्ही बाजूंना सेरुलियन ब्लू पातळ, एकाच हाताने. फिरून ब्रश लावायचा नाही, जलरंग तिथेच मळतो. तो पूर्ण वाळला की पंखाचा गडद भाग अल्ट्रामरिन या गडद निळ्यात थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घालून. मग शेवटी पोटाचा नारिंगी. निळ्याशेजारी नारिंगी आला की निळा आपोआप उजळतो, ट्यूबने होत नाही ते शेजाऱ्याने होतं. फक्त दोन्ही ओले असताना भेटू देऊ नका, राखाडी चिखल होईल. मी अजूनही दर दुसऱ्या चित्रात घाई करते आणि तो चिखल बघते.

प्रश्न : पक्ष्यांचे गुडघे मागे वाकतात ते कसे काढायचे?

उत्तर : ते गुडघे नव्हेत, घोटे आहेत. पक्षी बोटांवर चालतो, टाच वर उचललेली. खरा गुडघा पोटाशी पिसांत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. चवड्यांवर उभं राहून बघा, पाय काढायला सोपे जातील.

प्रश्न : खिडकीबाहेरच्या वेलीत बुलबुलाने घरटं केलंय. पिल्लांची रोज चित्रं काढायची आहेत. किती जवळ जाऊ?

उत्तर : जाऊच नका. खोलीच्या आत, पडद्याआड बसा आणि दुर्बिणीतून बघा. आई-बाप चोचीत किडा धरून शेजारच्या फांदीवर ओरडत बसले आणि घरट्यात येईनात, तर कारण तुम्ही आहात. वही उचलून निघायचं, चित्र कितीही रंगात आलेलं असो. नीट दिसावं म्हणून घरट्यापुढची पानं बाजूला सारायची नाहीत, बांधायची तर मुळीच नाहीत. त्या पानांमुळेच ऊन अडतं आणि कावळ्याला पिल्लं दिसत नाहीत. पानांमधून तीन उघड्या चोची दिसत असतील तर कागदावर पानं रेखाटा आणि तीन चोची रेखाटा.