आधी बाहेर, मग आत

प्रिय पोरी,

काल फोनवर तू नाताळच्या तयारीचं एका दमात सगळं सांगून टाकलंस. माळ्यावरच्या ट्रंका, सासूबाईंचं "हे राहू दे, ते राहू दे", नेवऱ्यांचं म्हणजे करंज्यांचं सारण, येशूजन्माचा गोठा, पडदे, भिंतीचा रंग, आणि नवरा गोव्याहून शनिवारी रात्री येणार तो रविवारी संध्याकाळी परत जाणार. शेवटी म्हणालीस, "मावशी, कुठून सुरू करू तेच कळेना." मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, तुझं अर्धं लक्ष तिकडे होतं. म्हणून लिहिते. हे बसून वाच, काम करता करता नको.

आधी बाहेर, मग आत. माझं सांगणं एवढंच आहे. घरातलं नको ते बाहेर गेल्याशिवाय बाजारातून नाताळचं एकही पुडकं उंबरा ओलांडून आत येता कामा नये. मैदा नाही, साखर नाही, नवे पडदे तर नाहीतच. तू नेमकं उलटं केलं आहेस. बेळगावच्या रविवार पेठेत जाऊन नारळ, तीळ, खसखस घेऊन आलीस आणि आता ते ठेवायला जागा नाही म्हणून रडतेस. नेवऱ्या ठेवायला घट्ट झाकणाचे डबे लागतात, ते डबे कशाने भरलेत बघितलंस का? गेल्या वर्षीचा रवा, पोरकिडे झालेलं बेसन, कुणाच्या तरी लग्नातले सुपारीचे पुडे. दोदोलाचा हलवा आटवायचं पितळी भांडं माळ्यावर सगळ्यात मागे, त्याच्या पुढे तीन ट्रंका, त्यावर मोडका पाळणा. दोदोल करायचं ठरवलंस तर त्या भांड्याला आधी कल्हई लावून आणावी लागेल, आणि डिसेंबर अर्धा झाला की कल्हईवाल्याकडे तुझ्यासारख्या दहा जणी उभ्या असतात. म्हणजे माळा उपसल्याशिवाय दोदोल नाही. मी काही ज्ञान शिकवत नाहीये, तुझ्या स्वयंपाकघराचा हिशेब सांगतेय.

आणि ते प्लास्टिकचे खोके! व्हिडिओ बघून सामान लावून ठेवायला रंगीत खोके मागवलेस म्हणालीस. पोरी, सामान कमी करायला सामान कशाला आणायचं? ते आधी परत पाठव. पसारा खोक्यात भरून झाकण लावलं की पसारा संपत नाही, तो पुढच्या वर्षी खोक्यासकट सापडतो.

तू बेळगावात फ्लॅटमध्ये वाढलीस, खानापूरच्या पावसाचं तुला अजून कळायचंय. तिकडे जूनपासून चार महिने भिंती ओल्या असतात. कौलारू घरात माळ्यावर ठेवलेल्या कपड्याला वास येतो, चामड्याच्या बॅगेवर पांढरी बुरशी धरते, फोटोंच्या काचेमागे डाग पडतात. तिथे साठवून ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे, कुजत घालणं. आता उन्हं चांगली पडताहेत, सकाळी थंडी आणि दुपारी कोरडं ऊन. ट्रंका अंगणात काढ, झाकणं सताड उघडी ठेव. दोन दिवस ऊन खाल्लं की काय टिकलंय आणि काय गेलंय हे तुला कुणाला विचारावं लागणार नाही.

सासूबाईंचं वेगळं आहे. त्यांच्या पाठीमागे एक चिंधीसुद्धा टाकू नकोस. त्या चर्चमध्ये मिस्साला गेल्यात हे बघून घाईघाईने पोती भरशील आणि वर्षभर घरात अबोला धरून बसशील. ट्रंकेची किल्ली त्यांच्याच हातात दे, अंगणात खुर्ची टाक, आणि एक एक वस्तू तू काढून त्यांच्या मांडीवर ठेव. त्या गोष्टी सांगतील. ऐक. ही साडी कुणाच्या बाप्तिस्म्याला नेसलेली, हा शर्ट कुणी मुंबईहून पाठवलेला. ऐकून झालं की एवढंच विचार, "हे कुणाला देऊया?" "टाकूया का" असं कधी विचारू नकोस. टाकायचं म्हटलं की म्हातारं माणूस वस्तू छातीशी धरतं. द्यायचं म्हटलं की त्यांना माणसं आठवतात. आणि त्यांना जे ठेवायचंच आहे ते मुकाट्याने ठेव, त्यावर वाद घालू नकोस. त्यांच्या हयातीत ते घर त्यांचं आहे.

द्यायचं म्हणजे काय द्यायचं, हेही सांगते, कारण इथेच लोक घोटाळा करतात. संत लूकच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने, ज्याच्याकडे एकही नाही त्याला द्यावा, आणि अन्नाचंही तसंच करावं. दर तीन वर्षांनी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतल्या, तिसऱ्या रविवारी हे वाचन आपण चर्चमध्ये ऐकतो. ऐकतो आणि घरी येऊन करंज्या तळायला बसतो. योहानाने फाटका अंगरखा द्या असं म्हटलेलं नाही. दोनांतला एक, म्हणजे तूही घालशील असा. बटणं तुटलेले शर्ट आणि बोळा झालेले स्वेटर देणार असशील तर देऊच नकोस, त्याची फरशी पुसायची फडकी कर. द्यायचं ते धुऊन, शिवून, घडी घालून दे.

आणि वेळेवर दे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दे, २४ तारखेला नको. तुमच्या तालुक्यात पाऊस सरला की वीटभट्ट्या लागतात, आणि आपल्या जिल्ह्यात हाच उसाचा हंगाम. ऊसतोडीच्या टोळ्या शेतांच्या कडेला पालं ठोकून राहतात, पहाटे दव पडतं, लहान पोरं त्यातच झोपतात. तुमच्या ट्रंकेत वाकळी किती आहेत ते मला माहीत आहे, तुझ्या लग्नाच्या वेळी मी त्या बघितल्यात. सुती साड्यांच्या, हाताने टाके घातलेल्या, अजून मऊ. पाहुणे आले तर लागतील म्हणून ठेवलेल्या. कुठले पाहुणे? तुमच्याकडचे पाहुणे आता संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्यातल्या दोन घरात ठेव, बाकीच्या बाहेर काढ. स्वतः जायला संकोच वाटत असेल तर चर्चमध्ये गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉलची मंडळी असतात, त्यांना कुणाला काय हवंय ते घराघराने माहीत असतं, त्यांच्याकडे दे. पण जमलं तर स्वतः जा. वाकळ कुणाच्या अंगावर गेली ते बघ.

मी इतकी हट्टाने का बोलते ते तुला ठाऊक नाही. माझ्या सासूबाईंकडे एक ट्रंक होती, हिरव्या रंगाची, आत निळा कागद लावलेला. त्यात चादरी होत्या. कोपऱ्यात बारीक पांढऱ्या दोऱ्याची वेल, उशांच्या अभ्र्यांना क्रोशाची लेस. चांगल्या दिवसासाठी ठेवलेल्या. दर नाताळला मी विचारायची, यंदा काढूया का? यंदा नको, घरात लग्न होईल तेव्हा. लग्नं झाली, तेव्हाही नाही. त्या गेल्यावर मी ट्रंक उघडली. चादर हातात धरून झटकली तर घडीच्या रेषेवर उभी चिरत गेली, कापड पापडासारखं झालेलं. क्रोशाची लेस तेवढी धड होती. ती किती महिने बसून विणली असेल, आणि तिच्यावर डोकं ठेवून कुणी एक रात्रसुद्धा झोपलं नाही. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

त्यानंतर मी ठरवलं, माझ्या घरात असं काही कुजू देणार नाही. शोकेसमधला चिनी मातीचा सेट मी खाली काढला आणि रोजच्या जेवणाला घेतला. त्यातले निम्मे फुटले, फुटू देत. तुझे काका गेले त्याच वर्षी आगमनकाळात मी त्यांचे कपडे वाटले. त्यांचा लग्नातला सूट होता, करड्या रंगाचा, एकदाच आल्टर केलेला. चर्चमधल्या एका मुलाचं जानेवारीत लग्न होतं, बाप नाही, सुतारकाम करून बहिणींची लग्नं केलेली. त्याला मी तो सूट दिला. घरातल्यांनी त्यावर खूप बोलून घेतलं. आठवण म्हणून ठेवायला हवा होता, इतकी घाई कसली होती, माणूस जाऊन वर्षही झालं नाही. आजही कुठल्या सणाला जमलो की विषय निघतोच. पण तो मुलगा वेदीसमोर उभा होता, खांदे अगदी बरोबर बसलेले, आणि त्याची आई पहिल्या बाकावर. कपाटात डांबरगोळ्यांत लटकत ठेवून मी त्या माणसाची कुठली आठवण राखणार होते? मला जे बोलतात त्यांच्यापैकी कुणी तो सूट एकदा तरी उन्हात घातला असता का? मी केलं ते बरोबर केलं आणि पुन्हा वेळ आली तर तेच करीन. तुलाही कुणीतरी बोलणारच आहे. बोलू दे.

राग तुझ्यावर काढला, तसं मनात नव्हतं. तुझ्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती मी धरली होती, तेवढा हक्क समज.

काही गोष्टी मात्र पोत्यात जाऊ देऊ नकोस. बाप्तिस्म्याचे, लग्नाचे दाखले, जमिनीचे उतारे, जुने वर्षदिनाच्या मिस्सांचे कागद एका पिशवीत वेगळे काढ आणि नवऱ्याला दाखवल्याशिवाय काही फाडू नकोस. आशीर्वादित वस्तूंचंही तसंच. तुटलेल्या जपमाळा, काच फुटलेल्या तसबिरी, झिजलेली क्रुसं कचऱ्याच्या गाडीत टाकायची नसतात. ती जाळायची किंवा स्वच्छ जागी पुरायची, परसात आंब्याच्या बुंध्याशी पुरलीस तरी चालेल. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारची वाळलेली पानं तसबिरींच्या मागे खोचलेली सापडतील. ती चर्चमध्ये नेऊन दे, राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख त्याच पानांची करतात.

आता कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं. इथे तू माझं ऐकणार नाहीस हे मला दिसतंय, तरी लिहिते. तू नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, रोझ कुकीज, बिबिंका, पेराद आणि केक अशी यादी वाचलीस. कुणासाठी? लग्नानंतर कितीतरी नाताळ माझे चुलीसमोर गेले. मोठं कुटुंब, सासरची रीत, नाही म्हणायची सोय नव्हती. कॅरल म्हणत पोरं दारात यायची, आतून आवाज ऐकायची मी, हात मैद्यात. मध्यरात्रीच्या मिस्साला उभी राहायची तेव्हा पाय ठणकत असायचे आणि ग्लोरियाचं स्तुतिगीत सुरू झालं की डोळे मिटायला लागायचे. आगमनकाळात चारही रविवारी ग्लोरिया म्हणत नाहीत, त्या रात्री तो पुन्हा घुमतो, घंटा वाजतात. मला तो किती वर्षं झोपेतून ऐकू आला. ती वर्षं कुणी परत देणार नाही. म्हणून सांगते, नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल एवढं कर. केकचं पीठ घरी कालवून बेकरीच्या भट्टीवर दे. बिबिंका एकेक थर भाजत बसायला यंदा तुला वेळ नाही, आणि त्यावाचून नाताळ अडत नाही. दिवाळीला ज्यांनी फराळाची ताटं पाठवली त्यांच्याकडे ताट गेलं पाहिजे, ते मात्र चुकवू नकोस. त्या ताटात तीन पदार्थ असले तरी भरलेलंच दिसतं.

कुलकुल करताना सासूबाईंना काटा आणि पिठाच्या गोळ्या देऊन बसव. त्यांचे हात अजून चालतात, आणि त्यांच्यासारखी गुंडाळी तुला पुढची पाच वर्षं जमणार नाही.

गोठ्याला जागा कुठे करायची विचारत होतीस. दर्शनी खोलीत खिडकीखाली ते मोडकं टेबल आहे ना, ज्यावर जुनी वर्तमानपत्रं आणि बंद पडलेला टीव्ही आहे? तीच जागा. टीव्ही भंगारात जाऊ दे. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचोमध्ये नाताळचा देखावा मांडला तेव्हा गवत, बैल आणि गाढव होतं, दिव्यांच्या माळा नव्हत्या. तुझ्याकडे परसात गवत आहे, खानापूरची माती आहे, बाजारातून थर्माकोलचे डोंगर आणू नकोस. नाचणी पसरट ताटलीत पेर म्हणजे हिरवं शेत होतं. पण थंडीत कोंब उशिरा येतात, बारा तारखेच्या आसपास पेरलीस तरच २४ ला नीट दिसेल. त्यासाठीसुद्धा टेबल आधी मोकळं लागेल. बघ, पुन्हा तिथेच आलो.

तर असं कर. ८ डिसेंबरच्या मारियामातेच्या सणाआधी ट्रंका, कपाटं, माळा. तोवर बाजार बंद. जे आधीच आणलंस ते शेजारच्या घरी ठेवायला दे. त्यानंतर पितळी भांडं कल्हईला, मग खरेदी. १६ तारखेला नाताळचा नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होतो तेव्हा संध्याकाळची कामं आवरून चर्चमध्ये जायला तू मोकळी असली पाहिजेस. नेवऱ्या १८ च्या पुढे तळ, आधी तळल्या तर खवट होतात. रंग यंदा देऊच नकोस, ओल पूर्ण वाळल्याशिवाय दिलेला रंग पुढच्या पावसात पोपडे धरून पडतो.

मी गुरुवारी सकाळच्या बसने येते. तू माळ्यावर चढू नकोस, ती शिडी मला ठीक दिसली नव्हती. शेजारच्या मुलाला सांगून ठेव, ट्रंका तो खाली उतरवेल. दुपारचं जेवण साधं कर, वरण-भात पुरे. नाचणी मी घेऊन येते. आणि येताना एक रिकामी पिशवी आणते, मला त्या वाकळींपैकी चार हव्यात, इथे कॅम्प भागात रात्रपाळीच्या वॉचमन लोकांना द्यायच्या आहेत.

तुझी मावशी