स्तनाच्या ऑपरेशननंतर टाक्यांखाली घट्ट लागतंय, गाठ परत आली असेल का?

ताई, आईची कर्करोगाची गाठ काढून आठ महिने झाले, रेडिएशन संपलं आणि आता टाक्यांखाली सुपारीएवढं कडक लागतं, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेकदा तो भरलेल्या जखमेचा व्रण असतो. कधी तिथली चरबी मरून गोळा होतो, तोही हाताला थेट गाठीसारखाच लागतो. म्हणून नुसतं चाचपून डॉक्टरसुद्धा खात्री देत नाहीत. सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करतात, शंका उरली तर सुईनं तुकडा काढून तपासतात.

त्यामुळे ‘सोयाबीन घरात आलं की जाऊ’ असं करू नका, याच आठवड्यात दाखवा. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय तुम्हाला जालन्याहून जवळच आहे. जुनी फाईल आणि फिल्म न्याच, तुलना त्यावरूनच होते. कडकपणा वाढतोय, कातडीवर पुळ्या आल्यात, काखेत गाठ लागते किंवा हात सुजलाय, तर तेही आधीच सांगा.

एरवी पहिली तीन वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी असते. आईला बरं वाटत असलं तरी ती चुकवू देऊ नका. आणि तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा.