सडा वाचवायला उतरताय? आधी एवढं करा

गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पवनचक्क्या येणार म्हणून तुम्ही पुढे आलात, याचा मनापासून आनंद झाला. पण पहिल्याच आठवड्यात मोर्चा नको.

१. गट नंबर शोधा, सातबारा आणि फेरफार काढा. जमीन खासगी, गायरान की वनखात्याची, यावर पुढची वाट ठरते. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये.

२. पावसाळा वाया घालवू नका. सरकारी नोंदीत सडा बहुधा ‘पडीक’ असतो आणि उन्हाळ्यात तो तसाच दिसतो. जून ते ऑक्टोबर ठरलेल्या जागांवरून तारखेसह फोटो घ्या. फुलं, डबकी, पायथ्याचे झरे, चरणारी गुरं, सगळं टिपा. गुराख्यांना सोबत न्या, त्यांच्याइतका सडा कुणालाच ठाऊक नसतो. या नोंदी गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या.

३. ग्रामसभेत विषय लेखी मांडा.

नव्या लोकांची पहिली चूक, जनसुनावणीची वाट बघत बसणं. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत पवनचक्क्यांना पूर्वमंजुरीच लागत नाही, त्यामुळे जनसुनावणी होतच नाही.

दुसरी चूक, ‘पवनऊर्जाच नको’ म्हणणं. वीज गावालाही हवीच आहे. वाद जागेचा आणि पवनचक्क्यांसाठीच्या रस्त्यांचा ठेवा. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचा २०१८ चा अभ्यास वाचा: पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले.

हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाचं, नंतर बघू. आधी सातबारा काढा.